शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारा व मालकाचें दप्तर

अतिउच्च दाबाच्या विजेची वाहिनी ज्या शेतावरून जावयाची असते, त्या शेताचा मालक बहुधा दोनच मार्ग जाणतो. एक, मजूर आले कीं काम अडवावयाचें. दुसरा, पुढें केलेल्या कागदावर न वाचतां सही करावयाची. माझ्या मतें हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. मालकाचें खरें रक्षण तारेखालीं उभें राहून होत नाहीं. तें दप्तरांत होतें. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत माझें आयुष्य गेलें, म्हणून हा विषय त्या बाजूनें मांडीत आहें.

प्रथम कायदा पाहूं. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ अन्वयें सरकार वाहिनी बांधणाऱ्या संस्थेस १८८५ च्या तार कायद्यांतील अधिकार देऊं शकतें. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, व २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें तो जुना कायदाही रद्द ठरविला. परंतु त्याचा तिसरा भाग वीजवाहिन्यांपुरता मुद्दाम राखून ठेवला आहे. तार गेली, पण तारेचा कायदा आमच्या शेतांत उभा आहे! हे अधिकार ज्या संस्थेस मिळाले, तिला मालकाची पूर्वसंमति घेण्याची गरज नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें आहे. कोणी अडथळा केल्यास जिल्हादंडाधिकारी काम करूं देण्याचा हुकूम करूं शकतात. सारांश, नुसत्या अडवणुकीनें दिवस लांबतात, तार टळत नाहीं.

परंतु त्याच कायद्यानें मालकाच्या पदरांतही कांहीं टाकलें आहे. संस्थेस मिळतो तो केवळ वापराचा हक्क. जमीन मालकाचीच राहते. काम करितांना शक्य तितकें कमी नुकसान करावें व झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असें कलम १० सांगतें. रक्कम अपुरी वाटल्यास कलम १६ प्रमाणें जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागतां येते. जमीन कोणत्या ठिकाणची आहे, तार कडेनें गेली कीं मधोमध, धारण लहान कीं मोठें, हें सर्व भरपाई ठरवितांना पाहिलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं केरळांतील एका प्रकरणांत स्पष्ट केलें आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें १५ ऑक्टोबर २०१५ रोजीं मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीस किंमतीच्या ८५ टक्के, व तारांखालील पट्ट्यास जास्तींत जास्त १५ टक्के भरपाई सुचविली होती. १४ जून २०२४ च्या सूचनांनीं हें प्रमाण अनुक्रमें २०० व ३० टक्के केलें. या सूचना ६६ किलोव्होल्ट व त्यावरील मनोऱ्यांच्या वाहिन्यांस लागू आहेत, आणि पिकें व झाडें यांची भरपाई याहून निराळी आहे. आपल्या राज्याचा त्या वेळचा शासननिर्णय कोणता, हें मात्र प्रत्येकानें आपल्या प्रकरणापुरतें तहसील कचेरींत पाहून घ्यावें.

आमचे शेतकरी भांडतात तें मनोऱ्यासाठीं. वास्तविक मोठा भाग पट्ट्याचा असतो. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीचा पट्टा ३५ मीटर रुंद धरतात. अशी वाहिनी शेतांतून १०० मीटर गेली, तर ३,५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारें ३४॥ गुंठे जमीन तिच्याखालीं येते. मनोऱ्याची जागा दहा मीटर चौरस धरली, तर ती अवघा एक गुंठा भरते. वरील दरानें मनोऱ्याबद्दल दोन गुंठ्यांची किंमत येईल, तर पट्ट्याबद्दल दहा गुंठ्यांहून अधिक. ज्या पट्ट्यांत यापुढें घर बांधतां येणार नाहीं व आंबा किंवा साग वाढवितां येणार नाहीं, तो मोजून घेण्यास विसरावें, हें व्यवहारास धरून नाहीं.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वींच गट क्रमांकासह नोटीस व नकाशा लेखी मागावा. पंचनामा समक्ष करवून त्यांत पिकाची स्थिति, झाडांची जात व संख्या, विहीर, पाइपलाइन व पट्ट्याचें क्षेत्र लिहवून घ्यावें. आपल्या अर्जावर आवक क्रमांकाची पोच घ्यावी. रक्कम अमान्य असतां ती स्वीकारावयाची झाल्यास, 'अधिक मागणीचा हक्क राखून' असे शब्द सहीच्या वर स्वतः लिहावे. हे कागद पुढेंही लागतात. कलम १७ प्रमाणें, मालकास आपल्या जागेचा दुसरा उपयोग करावयाचा असल्यास तार त्याच जागेंत अन्यत्र हलविण्याची किंवा उंच करण्याची मागणी करतां येते. पूर्वीं भरपाई घेतली असल्यास हलविण्याचा खर्च किंवा घेतलेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकीं जी कमी ती भरावी लागते. पावतीच नसेल तर हा हिशेब कशावरून करणार?

माझी मुख्य सूचना याहून पुढची आहे. वाहिनीचा दाब, पट्ट्याचें क्षेत्र, पंचनाम्याची तारीख, दिलेली रक्कम व ती घेणाराचें नांव यांची नोंद फेरफार घालून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असा नियम असला पाहिजे. भरपाई एकदांच मिळते. तार पिढ्यान्‌पिढ्या राहते. बाप पैसे घेऊन खर्चून टाकतो, आणि पुढें वांटणींत तारेखालचा तुकडा ज्या भावाच्या वांट्यास येतो, त्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं. भाऊबंदकीस एवढें निमित्त पुरेसें होतें.

अशा नोंदीनें जमिनीची किंमत उतरेल व कर्ज मिळण्यास अडचण पडेल, असा आक्षेप येईल, व तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु तार घेणारास व कर्ज देणारास दिसतेच. सातबाऱ्यावरून ती वगळल्यानें आकाशांतून नाहींशी होत नाहीं. न दिसणारी गोष्ट आहे ती भरपाईची, आणि तीच लिहिली जात नाहीं. वीज आम्हांसही हवी आहे. पंप तिच्यावरच चालतात. मात्र सर्वांच्या सोयीसाठीं ज्याच्या शेतावर ओझें आलें, त्याच्या उताऱ्यावर त्याची एक ओळ तरी असावी. संस्थेच्या सभासदांनीं येत्या सभेंत या मागणीचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे.