डब्याचे नाव नको, ग्रॅम सांगा!

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी झाली की घरी जाताना रुग्णाला एक वाक्य हमखास ऐकवले जाते, "प्रोटीन पावडर सुरू ठेवा." कोणती, किती आणि कधीपर्यंत, हे सांगायला बहुधा कोणाला वेळ नसतो. मग ते काम केमिस्ट, जिमचा ट्रेनर आणि मोबाईलवरची जाहिरात करते. माझा आक्षेप या पद्धतीला आहे.

हा प्रश्न किरकोळ का नाही?

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करतात आणि अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. एका वेळी जेमतेम काही घास जातात. प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. बहुतेकांना रोज निदान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो, जखम भरायला वेळ लागतो. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. आकडा उतरतो आणि घरचे सगळे खूश होतात!

घरात डाळीचे वरचे पाणी आणि तांदळाची पेज देतात. पहिल्या काही दिवसांत पातळ आहार लागतो हे खरे, पण या दोन्हींत प्रथिने नावालाच असतात. म्हणून सुरुवातीचे काही महिने पावडरची गरज पडते. पावडरला माझा विरोध नाही. न वाचता घेतलेल्या पावडरला आहे.

डबा फिरवा, मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे असते. समजा, मागे लिहिले आहे: १०० ग्रॅममध्ये ३४ ग्रॅम प्रथिने. म्हणजे ३० ग्रॅमच्या एका मापात जेमतेम १० ग्रॅम. उरलेल्यात साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर बायपास झालेल्या रुग्णाला छातीत धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब होऊ शकतात. यालाच डम्पिंग म्हणतात.

'हेल्थ ड्रिंक' या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाईन विक्रेत्यांना अशी पेये या नावाखाली विकू नका असे कळवले.

दुसरा सापळा कोलॅजेनचा. शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांनी केस गळू लागतात आणि नेमके तेव्हाच कोलॅजेन गळ्यात मारले जाते. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. तुमचे मुख्य प्रथिन म्हणून ते चालत नाही.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. नेहमीच्या चाचणीत प्रथिने थेट न मोजता नायट्रोजन मोजतात. त्यामुळे ग्लायसिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळून आकडा फुगवता येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी २०२४ मध्ये 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के पावडरींच्या डब्यावर प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. तेव्हा 'महाग म्हणजे चांगली' हा हिशेब सोडून द्या.

मग निवडायचे कसे?

- एका मापात निदान २० ग्रॅम प्रथिने आणि साखर ५ ग्रॅमच्या आत असावी.
- घटकांच्या यादीत पहिले नाव व्हे, दुधाचे प्रथिन किंवा सोया यांचे असावे. साखरेचे नसावे.
- दुधाने पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट घ्या. त्यात लॅक्टोज अगदी कमी असते.
- वजन घटवणाऱ्या वनौषधी मिसळलेली पावडर नको. अशा काही अर्कांनी यकृताला इजा होते.
- डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहा. बिल मागून घ्या.

"पावडरने किडनी खराब होते" असे म्हणून नातेवाईक ती बंद करतात. मूत्रपिंडे निरोगी असतील तर या प्रमाणाला घाबरण्याचे कारण नाही. आधीपासून मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे. आणि पावडर घेता म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या सोडू नका.

पावडर ही कुबडी आहे. पोटाला झेपू लागले की अंडे, पनीर, मासे, चिकन, घट्ट वरण यांकडे वळा आणि ताटातले प्रथिन आधी खा. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, हा हिशेब पाठ असू द्या.

रुग्णालयांकडे माझी मागणी एकच आहे. डिस्चार्ज कार्डावर ब्रँडचे नाव लिहू नका. रोज किती ग्रॅम प्रथिने, त्यातली पावडरमधून किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे लिहा. नसेल लिहिले तर तुम्ही विचारा. शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या रुग्णाला एवढे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.