शेजारी ठेवू नयेत अशी नावे

नवे मेडिकल थाटताना परवाना, फ्रिज, संगणक यांची जुळवाजुळव झाली की प्रश्न उरतो रॅकचा. माल कंपनीवार लावायचा की सरळ ए टू झेड? कौल बहुधा ए टू झेडच्या बाजूने पडतो आणि त्याला कारणेही आहेत. कंपनीवार मांडणीत कोणता ब्रँड कोणाचा हे पाठ असावे लागते. ते जुन्या माणसाला असते आणि तो रजेवर गेला की काउंटर अडते. एबीसीडी मात्र शाळेतच पाठ झालेली असते. कालच कामाला लागलेला मुलगाही सांगितलेला डबा पटकन काढून देतो (विक्री फार्मासिस्टच्याच देखरेखीखाली व्हायची, हे वाचकांना वेगळे सांगायला नको). स्टॉक मोजणे, मुदत संपत आलेला माल वेगळा काढणे, रॅक यादीशी ताडून पाहणे, सगळेच सोपे होते. औषध कशावरचे, किती जहाल, कोणासाठी, यातले काहीही माहीत नसताना हा क्रम चालतो. त्याची सोय यातच आहे आणि आमच्या मते धोकाही यातच आहे.

वर्णक्रम सारख्या नावांना एकत्र आणतो. शब्दकोशात त्याने काही बिघडत नाही, कारण चुकीचा शब्द निघाला तर वाचक पुढच्या ओळीकडे वळतो. रॅकवर चुकीचा डबा निघाला तर स्ट्रिप पिशवीत जाते. फिट्सवरची कार्बामाझेपिन आणि थायरॉइडवरची कार्बिमाझोल इंग्रजी क्रमाने जवळजवळ खेटून येतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि जंतुसंसर्गावरची मेट्रोनिडॅझोल एकाच ‘मेट’च्या कप्प्यात, आणि त्याच कप्प्यात मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची ही गोळी रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. ब्रँडनावाने लावलेल्या रॅकवर वेगळीच गुंतागुंत असते. रक्तदाबाच्या एकाच ब्रँडची नुसती, एच आणि एएम अशी भावंडे, त्यात पुन्हा २०, ४० आणि ८० मिलिग्रॅम, रंगसंगती तीच. एच म्हणजे सोबत लघवी वाढवणारे औषध आणि एएम म्हणजे सोबत अॅम्लोडिपिन, हे ठाऊक असूनही घाईत हात शेजारच्या डब्यावर पडतो. जनऔषधी केंद्रांत तर माल जेनेरिक नावानेच येतो आणि वेष्टनेही बरीचशी एकसारखी, म्हणजे डोळ्यांना आधार फक्त नावाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे उपाय जाहीर केले, तेव्हा दिसायला-ऐकायला सारख्या औषधनावांचा प्रश्न त्यात पहिला होता.

यावर नेहमीचे उत्तर डॉक्टरांच्या अक्षराचे असते. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावीत, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो योग्यच आहे. पण चिठ्ठी वाचण्यातली चूक वेगळी आणि डबा उचलण्यातली वेगळी. छापील चिठ्ठी पहिली टाळते, दुसरी नाही. दुसरे उत्तर संगणकाचे. सॉफ्टवेअर आले, आता रॅकचा क्रम कशाला पाहायचा? पण बिलिंगचा पडदा म्हणजेही वर्णक्रमाने लावलेला रॅकच. दोन-तीन अक्षरे टाइप करायची आणि खाली उघडलेल्या यादीतून बोटाने निवडायचे. अमेरिकेत नॅशव्हिल येथील एका रुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये काय घडले ते या दृष्टीने पाहावे. तपासणीपूर्वी रुग्णाला शांत करण्यासाठी वर्सेड द्यायचे होते. परिचारिकेने औषधांच्या संगणकी कपाटात व्ही आणि ई ही दोन अक्षरे दाबली. वर्सेड हे ब्रँडनाव, कपाटात ते मिडाझोलम या जेनेरिक नावाखाली होते. यादीत आले व्हेक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारे भूल-विभागातले औषध, आणि तेच टोचले गेले. रुग्णाचा मृत्यू झाला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्या परिचारिकेला दोषी ठरवले. वाटेतले इशारे तिने पाहिले नाहीत हे खरेच. तरी चुकीचे औषध तिच्या हाताशी आणून ठेवले ते दोन अक्षरांनी. औषधसुरक्षेचे काम करणारी तिथली संस्था अशा कपाटांसाठी आता किमान पाच अक्षरे टाइप करण्याची शिफारस करते.

आणखी एक आक्षेप अधिक वजनदार आहे. क्रम एकदा मोडला की तो क्रमच राहत नाही, शोधाशोधीत वेळ जाईल आणि घाई वाढून चुका उलट वाढतील. पण आपला क्रम आजही अखंड नाही. इन्शुलिन ‘आय’च्या कप्प्यात कोणी ठेवत नाही, ते २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये जाते. शेड्यूल एक्सची औषधे कुलपात, मुदत संपलेला माल वेगळा. या जागा लक्षात ठेवताना कोणाचा गोंधळ होत नाही, कारण त्या मोजक्या आहेत आणि त्यांना कारण आहे. मग आजारानुसारच का लावू नये, असेही विचारले जाते. त्याने मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड आणि ग्लिपिझाइड पुन्हा शेजारीच येतात, आणि एकच औषध दोन आजारांवर चालत असेल तर ते कोणत्या फळीवर ठेवायचे यावर रोज वाद. म्हणून वर्णक्रम टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. यादीत, रजिस्टरमध्ये, ऑर्डरच्या वहीत तो निर्धास्त वापरावा. रॅकवर मात्र घात करू शकतील अशा जोड्या त्यातून उचलाव्यात.

काम एका दुपारचे आहे. आपल्या दुकानातल्या अशा दहा-बारा जोड्या काढा. प्रत्येक जोडीतले एक औषध दुसऱ्या रॅकवर न्या आणि त्याच्या मूळ जागी रिकामा डबा ठेवून त्यावर नवी जागा ठळक लिहा. बिल करताना नावाची पाच अक्षरे टाइप करायची सवय लावा. स्ट्रिप देताना ‘ही कशासाठी घेता?’ एवढे विचारा. फिट्सचा रुग्ण हातात थायरॉइडची गोळी घेऊन उभा असेल तर ते या प्रश्नाने कळते, सॉफ्टवेअरने कळेलच असे नाही. आणि ज्या जोड्यांनी तुमच्या काउंटरवर घोटाळा केला किंवा होता होता राहिला, त्या आम्हाला कळवा. दुकानाचे आणि पाठवणाऱ्याचे नाव न छापता त्यांची यादी आम्ही पुढच्या अंकापासून देऊ.