टेबल पुसणारा कोणाचा सभासद?

भुसावळ स्टेशनबाहेर कोपऱ्यावर एक छोटे हॉटेल होते. हॉटेल म्हणजे सहा बाकडी, एक धुरकटलेला आरसा आणि दाराशीच पेटलेली भट्टी. सकाळी पोहे आणि मिसळ, दुपारी शेवभाजी-भाकरी, आणि रात्रपाळी सुटून येणाऱ्यांसाठी पहाटे चारपासून चहा. मालकांना सगळे अण्णा म्हणत. लोको शेडचे खलाशी, यार्डातले पॉइंट्समन, आर.एम.एस.चे सॉर्टर, सगळ्यांचे हेच हॉटेल. आर.एम.एस.वाल्यांना अण्णा आधी वाढत, कारण त्यांची गाडी कोणाचे जेवण व्हायचे म्हणून थांबत नसे. आम्ही पोरे त्यावर कुरकुरायचो, तर वडील म्हणत, "त्यांच्या पोत्यात तुझ्या मामाचं पत्र आहे, त्यांना जेवू दे."

१९७४ चा संप ८ मे रोजी सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. वडील लोको शेडमध्ये फिटर. ते वीस दिवस मला स्वतःला आठवत नाहीत, आईने सांगितलेले आठवतात. वडील रात्री घरी झोपत नसत. पोलीस येऊन क्वार्टरचे दार वाजवून जात. क्वार्टर खाली करा अशा धमक्या रोजच्या. घरात दाणा नाही, आणि नेहमीच्या किराणा दुकानदाराने हात वर केलेले. त्या दिवसांत अण्णांच्या हॉटेलातून रोज दुपारी आमच्याकडे डबा आला. आमच्याकडेच नव्हे, ओळीतल्या सात-आठ घरांत. अण्णा वहीत लिहून ठेवत. २७ मे ला संप मागे घेतला गेला. वडिलांना कामावर परत घ्यायला चार महिने लागले, आणि अण्णांची उधारी फिटायला दोन वर्षे. अण्णांनी एकदाही दारात येऊन पैसे मागितले नाहीत.

ही गोष्ट मी शाखेच्या सभांतून किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. रेल्वेची वसाहत जिथे जिथे आहे तिथे असा एक अण्णा असतो, आणि प्रत्येक जुन्या कामगाराकडे अशी एक गोष्ट असते. ती ऐकताना जुन्या मंडळींचे डोळे ओले होतात, नवे मोबाईल खाली ठेवतात. सभेला रंग भरतो.

मागच्या वर्षी मी त्या कोपऱ्यावर मुद्दाम गेलो. तिथे मोबाईलचे दुकान आहे. अण्णा जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा पुण्याला असतो. घरी येऊन आईला सांगितले. ती ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येते. तिने अण्णांबद्दल काही विचारले नाही. ती म्हणाली, "आणि तो पोऱ्या कुठे असेल रे?"

कोण पोऱ्या? तर डबा आणणारा पोऱ्या. दहा-अकरा वर्षांचा होता. पोलीस गल्लीच्या तोंडाशी उभे असत, मोठ्या माणसाला अडवत, म्हणून अण्णा त्याला पाठवत. एकदा शिपायाने त्याच्या हातातला डबा रस्त्यावर उपडा केला आणि कानशिलात दिली. तो रडत परत गेला आणि तासाभराने दुसरा डबा घेऊन आला. पहाटे चारला भट्टी पेटवायला उठायचा, रात्री शेवटचे बाकडे पुसून त्याच बाकड्यावर झोपायचा. त्याचे नाव काय, हे आईलाही ठाऊक नाही.

पन्नास वर्षे मी ही गोष्ट ऐकली आणि सांगितली, त्यात हा मुलगा कधी नव्हता. संपाच्या मागण्यांत रनिंग स्टाफला आठ तासांची ड्यूटी ही मोठी मागणी होती. त्या मागणीसाठी लढणाऱ्यांच्या घरी डबा नेणारा मुलगा अठरा तास राबत होता. अण्णा वाईट नव्हते. आमचे वडीलही वाईट नव्हते. तो दिसतच नव्हता, एवढेच. हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालची मुले कामाला ठेवायला बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे त्या डब्यानंतर बत्तीस वर्षांनी.

आईचा तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी दोन महिन्यांनी जबलपूरला गेलो. एका जुन्या सहकाऱ्याचा निवृत्तीचा कार्यक्रम होता. जबलपूर विभाग १ एप्रिल २००३ पर्यंत आपल्या मध्य रेल्वेतच होता, नंतर पश्चिम मध्य रेल्वे झाली. त्यामुळे आमच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांचे तिकडे जाणे-येणे फार. १९९३ साली एका प्रशिक्षण शिबिरासाठी मी महानगरीने पहिल्यांदा तिथे उतरलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या साथींनी आम्हाला सदर भागातल्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये नेले होते. मॅट्रिक झालेला, तीन वर्षे नोकरी झालेला मी. कॉफी म्हणजे पाहुण्यांकडे लग्नात मिळते ती, एवढेच ज्ञान. तिथे पांढराशुभ्र पोशाख, कमरेला पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेली पगडी घातलेला माणूस समोर येऊन उभा राहिला, तेव्हा मी खुर्चीवरून अर्धा उठलो. वाटले कोणी मोठा माणूस आहे. सगळे हसले. त्या संध्याकाळी एका कॉफीवर आम्ही तीन तास बसलो. कोणी उठवले नाही. पी.एन.एम.मध्ये आयटम कसा मांडायचा, अधिकाऱ्याने टोलवला तर पुढच्या बैठकीत कसा परत आणायचा, हे मी शिबिराच्या वर्गात कमी आणि त्या टेबलावर जास्त शिकलो.

पुढे फेडरेशनच्या कामाने दिल्लीला गेलो की मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवरचे कॉफी हाऊस ठरलेले. कनॉट प्लेसमधले त्याचे जुने कॉफी हाऊस आणीबाणीत पाडले गेले. लोक तिथे बसून फार बोलत, हे कारण दिल्लीचे साथी सांगत. कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटवरचे, उंच छताच्या जुन्या अल्बर्ट हॉलमधले. तिथे बिनदुधाच्या कॉफीला 'इन्फ्युजन' म्हणतात. मी ती एकदाच मागवली, पुन्हा नाही.

एवढी वर्षे जात राहिलो, पण हे कॉफी हाऊस कोणाचे, हे विचारले नाही. या खेपेला जबलपूरला वाढायला आलेल्या माणसाला विचारले. पन्नाशीचा, मल्याळी, पण हिंदी अस्सल जबलपुरी. म्हटले, मालक कोण? तो हसला. "साब, मालिक भी हम, वेटर भी हम." तो सोसायटीचा सभासद होता. कपबशा धुण्यापासून सुरुवात केली, मग टेबलावर आला. मुलगी नर्सिंग शिकते आहे. किती तास काम, सुट्टी किती, फंड कापला जातो का, सगळे विचारले. त्याने सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, इतकी वर्षे युनियनचे लोक येतात, पण हे कोणी विचारत नाही. ते ऐकून मी खाली बघत कटलेट खाल्ले.

आपल्या बहुतेक वाचकांना हा इतिहास माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. ही कॉफी हाऊसे मुळात सरकारी. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली पहिले कॉफी हाऊस काढले ते आपल्या मुंबईत, चर्चगेटला. पुढे ती कॉफी बोर्डाकडे गेली आणि देशभर पसरली. १९५० च्या दशकाच्या मध्याला बोर्डाने धोरण बदलले आणि ती बंद करायला घेतली. कामगार रस्त्यावर येणार होते. तेव्हा ए. के. गोपालन यांनी कामगारांना सांगितले की नोकरी मागत फिरू नका, कॉफी हाऊस तुम्हीच चालवा. गोपालन कोणत्या झेंड्याचे होते हा वाद इथे नको, काम पाहा. १९ ऑगस्ट १९५७ ला बंगळुरूत कामगारांची पहिली सहकारी सोसायटी उभी राहिली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला दिल्लीत आणि ८ मार्च १९५८ ला केरळात त्रिशूरला त्यांची कॉफी हाऊसे उघडली. ज्यांच्या हातात छाटणीचे कागद पडायचे होते, त्यांनी गल्ल्याच्या चाव्या हातात घेतल्या. पोशाख आणि पगडी मात्र साहेबाच्या काळातलीच ठेवली. मला आधी हे खटकायचे. आता वाटते, मालकाने घातली तर ती पगडी वेगळी होते.

जबलपूरची सोसायटी आज मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये अनेक ठिकाणी कॉफी हाऊसे चालवते. सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. सहकारात काय काय होते ते आपण महाराष्ट्रात पुरते पाहिले आहे. पण भुसावळचे अण्णा गेले तसे हॉटेल गेले. जबलपूरचे तेव्हाचे वाढपी निवृत्त झाले, तरी कॉफी हाऊस राहिले.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या वर्कशॉपांतली कॅन्टीने १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६ व्या कलमामुळे आली. २५० हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन काढायला लावता येत असे. त्या कॅन्टीनमधले आचारी आणि वाढपी मात्र वर्षानुवर्षे रेल्वेचे मानले जात नव्हते. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने एम. एम. आर. खान खटल्यात निकाल दिला, की कायद्याने चालणाऱ्या आणि रेल्वेने मान्यता दिलेल्या कॅन्टीनमधले कामगार हे रेल्वेचेच कामगार. पोस्टाच्या बंधूंनाही आठवत असेल, १९९१ मध्ये केंद्र सरकारी कार्यालयांच्या कॅन्टीनमधल्या कामगारांनाही असाच न्याय मिळाला. पण खान निकालात एक वर्ग बाहेर राहिला, ज्यांच्या कॅन्टीनला मान्यता नव्हती तो. १९९९ मध्ये आय.आर.सी.टी.सी. निघाली आणि खाण्यापिण्याच्या कामात ठेकेदार वाढत गेले. न्यायालयाने एक दार उघडले आणि आपण बघत असताना शेजारची भिंत पाडून दुसराच रस्ता काढला गेला. आज तुम्हाला गाडीत, रनिंग रूममध्ये, स्टेशनवर चहा देणारा मुलगा बहुतेक ठेकेदाराचा असतो.

आणि इथे मला माझे स्वतःचे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या जंक्शनवर रनिंग रूमच्या स्वयंपाकघरातला एक मुलगा माझ्याकडे आला. बिहारचा. ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार दिला नव्हता. आमचे ड्रायव्हर-गार्ड त्याच्या हातचे जेवून आठ-आठ तास झोपत. मी त्याला काय सांगितले? "तू आपला मेंबर नाहीस, ठेकेदाराशी बोल." मी चिटणीस. मला १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचे २१ वे कलम पाठ होते. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मूळ मालक म्हणजे ज्या प्रशासनासमोर मी दर दोन महिन्यांनी पी.एन.एम.ला बसत होतो तेच. एक पत्र पुरले असते. पंधरा दिवसांनी पाहिले तर तिथे दुसराच मुलगा होता.

जबलपूरहून आल्यावर मी शाखेच्या कार्यकारिणीत विषय ठेवला, की आपल्या हद्दीतल्या कॅन्टीन, रनिंग रूम आणि स्टॉलवरच्या ठेकेदारी कामगारांना संघटनेत घ्यावे आणि त्यांच्या मजुरीचे प्रश्न आपण मांडावे. गरमागरम चर्चा झाली. एक साथी म्हणाले, त्यांना घेतले म्हणजे आपण ठेकेदारी मान्य केली. हा मुद्दा प्रामाणिक आहे, पण मला पटत नाही. ठेकेदारी आपण मान्य करो न करो, ती रोज सकाळी आपल्या ताटात वाढली जाते. दुसरे म्हणाले, ही मुले सहा महिन्यांत निघून जातात, वर्गणी कोण भरणार? खरे आहे. पण पगार बुडतो म्हणूनच ती निघून जातात. तिसरे साथी बोलले नाहीत, पण त्यांच्या मनातले मला कळले: प्रशासनाशी असलेले बरे संबंध बिघडतील. याला माझ्याकडे उत्तर नाही. बिघडतील.

नव्या कामगार संहितांना आपला विरोध आहे आणि तो चुकीचा नाही. पण २०२० च्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत कॅन्टीनची मर्यादा १०० कामगारांवर आणली आहे आणि ती मोजताना कंत्राटी कामगारही धरायचे आहेत. मजुरी बुडाली तर मूळ मालकाची जबाबदारीही संहितेत ठेवली आहे. झेंडे घेऊन विरोध करताना या दोन ओळी खिशात ठेवायला काय हरकत आहे? आपल्या फेडरेशनने यावर सर्व शाखांना परिपत्रक काढावे, अशी माझी सूचना आहे. पोस्टाच्या साथींनीही आपापल्या कॅन्टीनमध्ये आज नेमके किती कायम आणि किती ठेकेदाराचे आहेत हे मोजावे. आमच्याकडे मोजले तेव्हा आकडा ऐकून कार्यकारिणीत कोणी बोलेना.

आमचा ठराव अजून झालेला नाही, पुढच्या बैठकीत पुन्हा आहे. दरम्यान मी रनिंग रूममध्ये जाऊन आलो. चहा घेऊन एक मुलगा आला, वीस-बावीसचा. नाव विचारले, ते डायरीत लिहिले. किती वाजता कामावर येतोस? म्हणाला, पहाटे पाचला. सुटतोस कधी? त्याने आधी स्वयंपाकघराकडे बघितले, मग हळूच सांगितले, रात्री दहाला. तेही लिहिले. पुढच्या पी.एन.एम.चे आयटम पाठवायची तारीख या महिन्याच्या शेवटी आहे.