खुर्ची सोडली म्हणजे पळाली?

क्रिस्तियान तोबिरा ही फ्रेंच गियानातली काळी बाई. गुलामांचा व्यापार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा, हे तिनं २००१ साली फ्रान्सच्या कायद्यात लिहायला लावलं. भरपाईचं कलम मात्र संसदेनं छाटलं. १८४८ ला गुलामी संपली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना!

२०१२ ला ती न्यायमंत्री झाली. पुढच्याच वर्षी निदर्शनात तिला केळं दाखवलं. तरी ती हटली नाही. पण फ्रान्समध्येच जन्मलेल्या दुहेरी नागरिकांचं नागरिकत्व दहशतवादाच्या गुन्ह्यात काढून घ्यायचं तिच्याच सरकारनं ठरवलं, तेव्हा २०१६ च्या जानेवारीत तिनं राजीनामा दिला.

कुणी म्हणेल, पळाली. मी म्हणतो, शिव्या खाऊन टिकली ती बाई पळत नसते. आपला कुणी मंत्री झाला तर हार घालायच्या आधी विचारा: बाबा, कशासाठी सोडशील?