विश्लेषण : परराष्ट्र धोरण शिकायला परदेशी जायचे, पण शिष्यवृत्ती ‘रँकिंग’पाशी का अडते?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी ती सवलत सप्टेंबरअखेरपर्यंत होती, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादल्याने कापड उद्योग कोंडीत सापडला होता आणि त्याला स्वस्त कापूस हवा होता. बाळापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याला याचा अर्थ कळायला कुठलेही पुस्तक लागले नाही. प्रश्न वेगळा आहे. वॉशिंग्टन आणि दिल्लीच्या ज्या टेबलांवर असे निर्णय होतात, तिथली भाषा शिकलेली माणसे वऱ्हाडातून किती निघतात?

बाळापुरात मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला आहे आणि जवळच मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्री. पुरंदरचा तह घडवणाऱ्या मुत्सद्द्याची खूण ज्या गावात आहे, तिथल्या मुलाने वाटाघाटींचे शास्त्र शिकायचे म्हटले तर वावगे काय? वावगे काही नाही, फक्त पैसे लागतात.

किती पैसे?

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या एका वर्षाच्या एमएस्सीची फी तीस हजार पौंडांच्या घरात आहे. म्हणजे आजच्या दराने पस्तीस लाख रुपयांच्या आसपास. राहणे-खाणे वेगळे. इंजिनीअरिंगच्या मुलाला बँक कर्ज देते, कारण पुढच्या पगाराचा तिला अंदाज असतो. राज्यशास्त्रातला बीए कर्ज मागायला गेला की आधी तारण विचारले जाते. कोरडवाहू पाच एकरांवर एवढे कर्ज उभे राहत नाही. म्हणून या विषयासाठी शिष्यवृत्ती हाच बहुतेकांचा एकमेव मार्ग ठरतो.

सरकारी योजना कोणत्या?

कागदावर बऱ्याच आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. ओबीसी, भटके-विमुक्त यांच्यासाठी बहुजन कल्याण विभागाची, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची आणि खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची योजना आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरील व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. बाळापूरसारख्या गावाला ती बातमी चांगलीच जाणवली असणार. त्यानंतर २०२४ मध्ये राज्याने अल्पसंख्याकांसाठी २७ जागांची योजना आणली. साऱ्या महाराष्ट्राला सत्तावीस.

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. जागा १२५, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख, वय ३५ च्या आत. फी, विमानप्रवास, व्हिसा, विमा आणि निर्वाह भत्ता यात येतो.

मग अडते कुठे?

विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकावर. राज्याच्या अलीकडच्या जाहिरातींत अट असते, की विद्यापीठ ‘क्यूएस’ यादीत पहिल्या २०० मध्ये हवे. ही यादी संपूर्ण विद्यापीठाची. साऱ्या शाखांची मिळून प्रतिष्ठा किती, शोधनिबंधांचे दाखले किती, यावर त्यातला बराचसा क्रमांक ठरतो. अभियंत्याच्या दृष्टीने ते ठीकच आहे. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचे मात्र त्यात पार वाटोळे होते.

जगातला या विषयाचा पहिला विभाग १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ इथे सुरू झाला. ते विद्यापीठ पहिल्या २०० मध्ये नाही. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाने परराष्ट्र सेवेची शाळा काढली. अमेरिकी मुत्सद्द्यांच्या किती पिढ्या तिथून बाहेर पडल्या! पण एकूण यादीत जॉर्जटाउनही २०० च्या बाहेर. पॅरिसचे सायन्स पो राज्यशास्त्राच्या विषयवार यादीत वर्षानुवर्षे जगातल्या अगदी वरच्या संस्थांमध्ये असते, तरी एकूण यादीत दोनशेपलीकडे. जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट १९२७ ची, राष्ट्रसंघाच्या दारातच उभी राहिलेली. ती केवळ पदव्युत्तर शिक्षण देणारी, एकाच ज्ञानशाखेची संस्था असल्याने एकूण यादीत तिला जागाच नाही. बर्लिनच्या हर्टी स्कूलचेही तेच. याउलट पहिल्या दोनशेतल्या एखाद्या तंत्रविद्यापीठाने कालपरवा सुरू केलेला ‘ग्लोबल स्टडीज’चा अभ्यासक्रम नियमात अचूक बसतो.

शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले उदाहरण बोलके आहे. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. विकास अभ्यासात सोआस जगात अग्रगण्य मानले जाते. एकूण यादीत ते दोनशेच्या खूप खाली आहे. चेव्हनिंगने विद्यापीठाचा क्रमांक विचारला नाही. आपल्या राज्याच्या आजच्या योजनेने तो विचारला असता आणि अर्ज छाननीतच बाजूला पडला असता. केंद्रे यांची ‘एकलव्य’ ही संस्था आज ग्रामीण भागातल्या, घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना परदेशी विद्यापीठांच्या अर्जांसाठी मदत करते.

क्यूएसचीच विषयवार यादी दरवर्षी प्रसिद्ध होते. सरकारने सामाजिक शास्त्रांसाठी ती धरावी, एवढीच मागणी आहे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही की जागा वाढवाव्या लागत नाहीत. शासन निर्णयातली एक ओळ बदलावी लागेल. २०२४ मध्ये शाहू महाराज योजनेत नव्या जाचक अटी आल्या, तेव्हा विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर काही अटी मागे घेतल्या गेल्या. म्हणजे ओळ बदलता येते.

१९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा सयाजीरावांनी कुठली यादी पाहिली नव्हती. (कोलंबिया आजही यादीत वरच आहे, तो भाग निराळा.)

केंद्राच्या योजनेत काय वेगळे?

तिथे पहिल्या ५०० मधले विद्यापीठ चालते, त्यामुळे जॉर्जटाउन आणि सायन्स पो दोन्ही बसतात. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्याला याच विषयासाठी जायचे असेल, तर केंद्राची योजना आधी पाहावी, ती याचसाठी. पण तिच्यातही खाचखळगे आहेत. ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड. लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिना १,५२९ पौंड, म्हणजे नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड लागतात, असे ब्रिटनचेच व्हिसा नियम सांगतात. हा फरक कुणी भरायचा? दुसरे असे, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय चालणार नाहीत, अशी अट २०२२ च्या नियमावलीत घातली गेली. आंतरराष्ट्रीय संबंध त्यात थेट येत नाहीत; तरीही अभ्यासाचा हेतू लिहिताना विषयाची मांडणी जपून करावी लागते. आणि २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रे मिळाली. बाकीच्यांना सांगितले गेले, की निधी उपलब्ध झाल्यास पाहू. हातात प्रवेशपत्र आणि तोंडावर आलेला सप्टेंबर अशा वेळी ‘पाहू’ या शब्दाची किंमत ज्याची त्यालाच कळते.

परदेशी सरकारांच्या शिष्यवृत्त्यांचे काय?

त्यांत जात आणि उत्पन्न विचारत नाहीत, हा एका अर्थी फायदा आणि एका अर्थी तोटा. चेव्हनिंगसाठी पदवीनंतर दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव हवा. शिकून झाल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे. बीए होताच लगेच निघू म्हणणाऱ्याला ती मिळत नाही. पण बचत गटांबरोबर, ग्रामपंचायतीत किंवा एखाद्या वृत्तपत्रात दोन वर्षे काढलेल्या तरुणीचा अर्ज तिथे खरोखर वजनदार ठरतो. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस ही दुसरी मोठी संधी. फी माफ, महिना १,४०० युरो आणि दोन-तीन देशांत शिक्षण. सुरक्षा व सामरिक अभ्यासाचा एक अभ्यासक्रम ग्लासगो, डब्लिन, प्राग आणि त्रेंतो इथल्या विद्यापीठांचा मिळून आहे.

अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू फेलोशिपला तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय आपली तीन वर्षांची पदवी पुरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणातले चौथे वर्ष इथे कामाला येते. जर्मनीत शिष्यवृत्ती न मिळाली तरी बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही (बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचा अपवाद). मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात.

खासगी विश्वस्त निधींत जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासूनची आहे. केरळच्या एका गरीब दलित घरातला मुलगा टाटांच्या या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेला, परत येऊन परराष्ट्र सेवेत शिरला आणि पुढे राष्ट्रपती झाला. के. आर. नारायणन हे त्यांचे नाव. ही शिष्यवृत्ती कर्जरूपाने मिळते, हे मात्र लक्षात ठेवावे. परराष्ट्र सेवेत जायला परदेशी एमए लागत नाही, त्यासाठी यूपीएससीच द्यावी लागते, हेही अनेकांना उशिरा कळते.

अर्ज करायचा तर सुरुवात कुठून?

विद्यापीठाआधी योजना ठरवा. ज्या योजनेत आपण बसतो तिची ताजी जाहिरात आणि त्या वर्षीची यादी समोर ठेवून मगच अर्जाची फी भरा. वेळापत्रकही उलटे आहे. पुढच्या सप्टेंबरात जायचे तर चेव्हनिंगचा अर्ज आदल्या ऑगस्टमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो. इरास्मस बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. राज्याच्या जाहिराती उन्हाळ्यात किंवा त्यानंतर येतात आणि तोवर विनाअट प्रवेशपत्र हातात लागते. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा सतरा-अठरा हजारांच्या घरात जाते, म्हणून नीट तयारी करून एकदाच द्यावी.

कागदपत्रांपैकी दोन आधीच उरकण्यासारखी आहेत. अमरावती विद्यापीठाकडून गुणपत्रिकांचे सीलबंद ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो. आणि उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चनंतर चालत नाही. एप्रिल उजाडताच तहसीलमधून नवा काढावा.