दर ठरवणाऱ्यांना कोण निवडतं?

गेल्या मे महिन्यात सांबऱ्याला गेलो, तर काकांनी चहाच्या आधी लाइट बिल पुढं केलं. बिल कन्नडमध्ये, ते काका माझ्यापेक्षा भराभर वाचतात. ‘गृहज्योती’मुळे एरवी शून्य रुपये. उन्हाळ्यात कूलर चालला, २०० युनिटांची रेघ ओलांडली आणि पूर्ण बिल अंगावर आलं.

“हा दर ठरवतंय कोण रे, इंजिनिअर?”

म्हटलं, बेंगळूरचा वीज नियामक आयोग. अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन माणसं.

“आणि त्या तिघांना कोण निवडतंय?”

इथं मी अडकलो. बी.ई.ला हा विषय नव्हता. रात्री २००३ चा वीज कायदा उघडला.

उत्तर कलम ८५ मध्ये आहे. नावं सुचवणारी निवड समितीही तिघांचीच: उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश अध्यक्ष, सोबत राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष. सदस्याची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सरकारनं समितीला कळवायचं. समितीनं तीन महिन्यांत काम संपवून प्रत्येक जागेसाठी दोन नावं द्यायची. उमेदवाराचे आर्थिक किंवा इतर हितसंबंध कामात आड येणार नाहीत, याची खात्री आधी करायची. (उच्च न्यायालयाचे आजी-माजी न्यायाधीशच अध्यक्ष व्हायचे असतील तर ही समिती लागत नाही, मुख्य न्यायमूर्तींचा सल्ला लागतो.)

पण समितीनं बसायचं कसं? किमान किती जण हजर हवेत, मुलाखती लोकांसमोर घ्यायच्या का, दोनच नावं का निवडली ते लिहून ठेवायचं का, यावर हे कलम गप्प. उलट समितीत एखादी जागा रिकामी असली तरी नेमणूक बाद होत नाही, एवढं मात्र आवर्जून लिहिलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुट, आउटपुट, टाइमआउट सगळं दिलंय, मधला कोड कोरा.

अमेरिकेत ओहायो राज्यात यासाठी १२ जणांची परिषद आहे. ती राज्यपालांना चार नावं देते. तरी २०१९ मध्ये तिच्या यादीतून जे अध्यक्ष झाले, त्यांना नेमणुकीच्या थोडं आधी ‘फर्स्टएनर्जी’ या वीज कंपनीनं ४३ लाख डॉलर दिले होते. कंपनीनं हे २०२१ मध्ये कबूल केलं. म्हणजे माणसं वाढवून भागत नाही. हितसंबंधांची खात्री नेमकी कशी करायची, हाच खरा प्रश्न. आपल्या कायद्यात त्याला एक वाक्य मिळालंय.

सकाळी काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग आम्ही बोलायचं कुठं?”

निवडीच्या वेळी आपल्याला जागा नाही. दराच्या वेळी आहे: कंपनीनं दराचा अर्ज प्रसिद्ध करायचा आणि आयोगानं लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत निकाल द्यायचा, असं कलम ६४ सांगतं.

काकांनी वही काढली. पुढच्या अर्जाच्या वेळी हरकत ते कन्नडमध्ये सांगणार आहेत, टाइप मी करायची. कन्नड कीबोर्ड तेवढा शिकायचाय.