साखर उतरेल, पण रस्ता द्या

मधुमेहाचे एक जुने रुग्ण परवा ओपीडीत आले. वय पंचावन्न, गुडघे दुखतात म्हणून चालणे बंद आणि साखर वाढलेली. ‘पडवीत सायकल आहे ना? ती बाहेर काढा,’ मी म्हटले. ते हसले. ‘सायकल चालवूक माजी ना नाय डॉक्टरांनू, पन त्या रस्त्यार चालवची खंय?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. गोळ्या लिहून देणे सोपे होते, त्या दिल्या.

सल्ला मात्र चुकीचा नव्हता. सायकलवर शरीराचा बराच भार सीटवर असतो, त्यामुळे गुडघ्यांवर ताण कमी पडतो. मांडीचे मोठे स्नायू काम करू लागले की इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. सायकल भिंतीला टेकवल्यावरही हा परिणाम काही तास टिकतो. कोपनहेगनमधील एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सायकलने कामावर न जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जाणाऱ्यांपेक्षा सुमारे ३९ टक्के अधिक आढळले. अशा अभ्यासातून कार्यकारण पुरते सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ तेवढाही करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते.

मी स्वतः रविवारी पहाटे मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला सायकलने जातो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. थंडीत पहाटेचा मतलई वारा अंगावर घेत जाताना पन्नाशी विसरायला होते. पण परतायला नऊ वाजले की चित्र पालटते. पर्यटकांच्या गाड्यांची रांग, कर्कश हॉर्न आणि सायकलवाल्याने वाळूत उतरावे अशी अपेक्षा. मीही अनेकदा उतरलो आहे.

पर्यटनावर इथल्या घरांच्या चुली पेटतात, त्याला माझा विरोध नाही. मुंबई-पुण्याहून हेल्मेट घालून किनारा फिरायला येणाऱ्या सायकलस्वारांचेही स्वागतच आहे. पण बाजाराला जाणारी मावशी आणि शाळेला निघालेला मुलगा यांचाही रस्त्यावर तेवढाच हक्क आहे.

आता रेवस ते रेडी सागरी महामार्गाची आखणी होते आहे, खाड्यांवर पूल उभे राहणार आहेत. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो आणि सायकल आणखी कडेला ढकलली जाते. म्हणून पुलांवर आणि वस्तीजवळच्या रस्त्यांवर सायकलसाठी वेगळी, कठडा असलेली पट्टी आत्ताच आखावी. कुंपणे आणि दुकाने उभी राहिल्यावर ते जमणार नाही. देवबागसारख्या चिंचोळ्या जागी वेगळी पट्टी अशक्य आहे; तिथे गाड्यांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घालावी आणि ती पाळायला लावावी. त्या वेगाच्या धडकेतून माणूस वाचण्याची शक्यता ताशी ५० पेक्षा कितीतरी जास्त असते. नेदरलँड्सही जन्मतः सायकलींचा देश नव्हता. १९७०च्या दशकात रस्त्यांवर मुले मरू लागली, तेव्हा पालक रस्त्यावर उतरले आणि सरकारला धोरण बदलावे लागले.

तोवर पहाटे, वाडीतल्या आतल्या रस्त्यांवर सायकल चालवा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर ठेवावी. छातीत दुखले तर लगेच थांबून रुग्णालय गाठावे. साखळीला तेल द्यायला विसरू नका, इथली खारी हवा लोखंड खाते.

ते रुग्ण पुढच्या महिन्यात पुन्हा येतील. गोळीची मात्रा मी वाढवू शकतो. रस्त्याची कड वाढवणे माझ्या हातात नाही, ते ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे वाचावे.